शोभेच्या कोंबड्या: पिसांमागचं गणित

सिल्की कोंबडीला पाऊस सोसत नाही. तो का सोसत नाही हे एकदा नीट कळलं, की शोभेच्या कोंबड्या पाळण्यातलं निम्मं शास्त्र हाती आलं असं समजायला हरकत नाही.

साध्या गावरान कोंबडीचं पीस उन्हाकडे धरून बघा. मधल्या काडीला दोन्ही बाजूंनी तंतू फुटलेले असतात, त्या तंतूंना आणखी बारीक तंतू, आणि त्यांच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे आकडे. हे आकडे शेजारच्या तंतूंत अडकतात आणि जॅकेटची चेन लावावी तसं पीस बंद होतं. म्हणूनच गावरान कोंबडी पावसातून आली तरी अंग झटकते आणि बऱ्यापैकी कोरडी होते. सिल्कीच्या पिसांत हे आकडे धड तयारच होत नाहीत. तंतू सुटे राहतात, पीस भुरभुरीत होतं, आणि आपण म्हणतो, किती गोड दिसतंय! पण त्या पिसातून पाणी थेट कातडीपर्यंत पोचतं. अशा पिसांनी उडताही येत नाही. कोल्हापुरात जुलैत चार-चार दिवस झड लागते, तेव्हा उघड्यावर भिजलेली सिल्की गारठते, मान आत घेऊन कोपऱ्यात उभी राहते, आणि कुणी लक्ष दिलं नाही तर एक-दोन दिवसांत जाते. गगनबावडा, राधानगरीकडे तर पाऊस याच्या कितीतरी पट. तिकडे सिल्की पाळायची तर पावसाळाभर छपराखालीच.

कोल्हापुरात गच्चीवर कबुतरं पाळायची हौस जुनी. त्याच गच्च्यांवर, परसात, शेतातल्या घरांपुढे आता फॅन्सी कोंबड्याही दिसतात: सिल्की, पॉलिश कॅप, कोचीन बँटम, सेब्राइट, जपानी बँटम, फ्रिझल. बँटम म्हणजे छोट्या चणीची कोंबडी. वजन साधारण अर्धा ते एक किलो, अंडं तीस-पस्तीस ग्रॅमचं. सगळ्याच शोभेच्या कोंबड्या बँटम नसतात, पण घरी पाळायला छोट्या सोयीच्या पडतात, म्हणून या लेखात त्यांचाच विचार करू. मला मनापासून वाटतं ते आधीच सांगतो. या पक्ष्यांचं जे जे सुंदर दिसतं, त्याची काही ना काही किंमत तो पक्षी स्वतःच्या शरीराने देत असतो. ती किंमत ओळखून आपण आपल्या बाजूने भरून काढली, तर हा छंद चांगला.

पॉलिश कॅपचं उदाहरण घ्या. डोक्यावर पिसांचा एवढा मोठा झुपका, की समोरून बघताना डोळे दिसत नाहीत. पक्ष्यालाही आपण नीट दिसत नाही. मागून किंवा वरून हात घातला की तो दचकतो, जाळीवर आपटतो. म्हणून खुराड्याजवळ जाताना आधी आवाज द्यायचा, शीळ घालायची. डोळ्यांवर येणारी पिसं छोट्या कात्रीने कमी करावीत किंवा सैल रबराने वर बांधावीत. प्रदर्शनात न्यायचं नसेल तर कापणंच बरं, आणि त्यात मला काहीही वावगं वाटत नाही. याहून गंभीर गोष्ट त्या झुपक्याखाली असते. या जातीत कवटीचा वरचा भाग फुगीर असतो आणि पिलाच्या वयात तिथलं हाड पूर्ण जुळलेलं नसतं. तिथे दुसऱ्या कोंबडीची एक चोच जोरात बसली तर पिलू दगावू शकतं. गावरान कोंबड्या, त्यातही असील ही झुंजार जात, कुणाला खपवून घेत नाहीत. त्यांच्यात पॉलिशची पिलं सोडू नयेत. पाण्याच्या उघड्या भांड्यात झुपका भिजतो, मग त्यावर माती बसते आणि डोळे चिकटतात. निपलचं पाणी, म्हणजे चोच लावल्यावर थेंब थेंब येणारं, दिलं की हा त्रास मिटतो.

कोचीन बँटमच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. आपल्याकडची काळी माती भिजली की त्या पिसांना गोळे धरतात, बोटं आखडतात. आणखी एक त्रास पिसांमुळे लपून राहतो. पायाच्या खवल्यांखाली एक सूक्ष्म किडा शिरतो, खवले उचलले जातात, पाय जाड आणि खडबडीत होतात. गावरानमध्ये हे लांबून दिसतं, कोचीनमध्ये पिसं बाजूला सारून बघावं लागतं. दर काही दिवसांनी पाय कोमट पाण्यात धुऊन, पुसून, खवल्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळलं तर किड्याचा श्वास कोंडतो आणि तो मरतो. काही आठवडे नेटाने करावं लागतं. सेरामा ही मलेशियाच्या केलांतान भागातली, जगातल्या सर्वांत छोट्या जातींपैकी एक, अर्ध्या किलोच्याही आतली. एवढ्याशा अंगातली ऊब पटकन जाते, म्हणून तिला थंडीत आडोसा आणि रात्री उबेची सोय लागते.

जागेबद्दल थोडं. एका बँटमला खुराड्यात दोन-तीन चौरस फूट आणि फिरायला त्याच्या दुप्पट जागा मिळाली तर पिसं ओरबाडण्याची खोड लागत नाही. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून खुराड्याचं तोंड पूर्वेला ठेवावं आणि पश्चिमेची बाजू पूर्ण बंद. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच केलं तर ओल चढत नाही आणि घूस तळातून शिरत नाही. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्यावी. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस आत येतं आणि घार नुसता पंजा घालूनही पिलाला जखमी करते. वारा मात्र हवा. वरच्या बाजूला, पक्ष्यांच्या डोक्यापेक्षा उंचावर हवा खेळती राहील अशी फट ठेवावी. खाली वाकून नाकाला झणका बसला तर समजावं की विष्ठेतला अमोनिया वाढलाय आणि पक्ष्यांचे डोळे, फुप्फुसं बिघडायला लागलीत. अंथरायला भाताचं तूस सर्वांत बरं. आजरा, भुदरगडकडे ते सहज मिळतं. उसाचं पाचट आपल्याकडे फुकट मिळतं म्हणून लोक तेच टाकतात. पण ओलं पाचट बुरशी धरतं आणि त्या बुरशीचे कण श्वासातून पिलांच्या फुप्फुसात जातात. वाळलेलं असेल आणि वेळेवर बदलणार असाल तरच वापरा. सिल्कीला उडता येत नाही, म्हणून तिची झोपायची काठी फूटभर उंचीवर पुरे. पुष्कळ सिल्की काठीवर चढतच नाहीत, खालीच एकमेकींना चिकटून झोपतात. अशांसाठी तूस जाड आणि कोरडं हवं.

पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांत राहत असाल तर एक गोष्ट आधीच करून ठेवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी किती वेगाने चढलं हे दुधाळी, शुक्रवार पेठेपासून चिखली, आंबेवाडीपर्यंत सगळ्यांनी बघितलंय. भिंतीत बांधलेल्या खुराड्यापेक्षा दोन माणसांनी उचलून वर नेता येईल असं खुराडं अशा ठिकाणी शहाणपणाचं.

खाण्याचं फार अवघड नाही. पिलांना पहिले दोन महिने चिक स्टार्टर, म्हणजे सुमारे 20 टक्के प्रथिनं असलेलं खाद्य. अंड्यावर आलेल्या कोंबडीला लेयर खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. बँटम दिवसाला साधारण पन्नास-साठ ग्रॅम खाते. लक्ष्मीपुरीतून आणलेली मक्याची भरड किंवा तांदळाची कणी वरखाऊ म्हणून ठीक, पण नुसत्या कणीवर पिसं चांगली येत नाहीत, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. पावसाळ्यात मका आणि शेंगपेंड ओली होऊन बुरशी धरली तर त्यात यकृत बिघडवणारं विष तयार होतं. वास कुबट आला की पोतं फेकून द्यावं, उन्हात वाळवून ते विष जात नाही. घरातलं उरलंसुरलं देताना लोक तिखटाला भितात. खरं तर पक्ष्यांना मिरचीचा जळजळाट जाणवतच नाही. लवंगी मिरचीही ते शांतपणे खातात. घात करतं ते मीठ. रस्सा, लोणचं, फरसाण यातलं मीठ एवढ्याशा शरीराला फार होतं.

आजारांत सर्वांत वाईट मानमोडी, म्हणजे राणीखेत. पूर्ण टोळी दोन-चार दिवसांत जाऊ शकते आणि एकदा आली की औषध नाही, फक्त आधी दिलेली लस. पहिल्या आठवड्यात लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि देवीची लस सहा-आठ आठवड्यांना, असा साधारण क्रम असतो. नेमकं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावं. घरगुती पाळणाऱ्यांची खरी अडचण वेगळी आहे. लसीची छोटी बाटलीही शंभर मात्रांची असते, आणि एकदा पातळ केली की दोन तासांत वापरावी लागते. आपल्याकडे पिलं दहा. मग लोक लसच टाळतात. त्यापेक्षा आसपासच्या चार-पाच जणांनी पिलं एकाच आठवड्यात काढून लस एकत्र द्यावी. बर्फातून आणलेली बाटली एका घरी उघडायची आणि बाकीच्यांनी पिलं तिथे न नेता, औषध बर्फातच ठेवून घरोघरी न्यायचं, म्हणजे एकाची लागण दुसऱ्याला होत नाही. मॅरेक नावाचा आणखी एक विषाणू आहे, त्यात पाय लुळे पडतात. सिल्की आणि सेब्राइट त्याला विशेष बळी पडतात. त्याची लस अंड्यातून निघाल्याबरोबर द्यावी लागते, म्हणून मोठं पिलू विकत घेताना ती दिली होती का हे विचारावं.

नवा पक्षी आणला की किमान एक महिना वेगळ्या खुराड्यात, आणि त्याचं खाणं-पाणी सगळ्यात शेवटी करायचं. बाजारात चार गावचे पक्षी एकत्र आलेले असतात, दिसायला धडधाकट असला तरी तो काय घेऊन आलाय हे लगेच कळत नाही. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मेले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, 2006 साली.

आता पैदास. इथे घाई करू नका, कारण बहुतेक दुःखं इथेच तयार होतात आणि थोडं गणित समजलं तर टळतात.

शाळेत मटारच्या झाडांवरून शिकलेला मेंडेल आठवत असेल. त्याचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे 1902 साली विल्यम बेटसन यांनी दाखवलं, आणि त्यासाठी त्यांनी निवडल्या होत्या कोंबड्या आणि त्यांचे तुरे. बहुतेक गुणांसाठी पिलाला एक जनुक बापाकडून आणि एक आईकडून मिळतं. दोन्ही मिळून काय दिसेल ते त्या जनुकांच्या स्वभावावर ठरतं.

जपानी बँटम, म्हणजे चाबो, घ्या. पाय इतके आखूड की पोट जमिनीला टेकतंय असं वाटतं, आणि वर उभी शेपटी. हे आखूड पाय एका जनुकाने येतात. त्याची एक प्रत असेल तर पाय आखूड. एकही नसेल तर पाय नेहमीसारखे लांब. आणि दोन्ही प्रती आल्या तर ते पिलू जन्मालाच येत नाही, सुरुवातीच्या दिवसांतच अंड्यात मरतं. याचा अर्थ असा की तुमच्या अंगणातल्या प्रत्येक जिवंत आखूड पायाच्या चाबोकडे त्या जनुकाची एकच प्रत आहे. आता आखूड पायाचा कोंबडा आणि आखूड पायाची कोंबडी जोडली तर शंभर फळलेल्या अंड्यांत सरासरी पंचवीस पिलं अंड्यात मरतील, पन्नास आखूड पायांची निघतील, पंचवीस लांब पायांची. याउलट आखूड पायाच्या कोंबड्याला लांब पायाची चाबो कोंबडी दिली तर पन्नास आखूड, पन्नास लांब, आणि या कारणाने मरणारं एकही नाही. हवी असलेली आखूड पायांची पिलं दोन्हीकडे पन्नासच! तरीही बहुतेक जण लांब पायाची चाबो ‘खराब निघाली’ म्हणून स्वस्तात देऊन टाकतात. ती खराब नसते. पुढच्या जोडीला तीच लागते.

फ्रिझलचंही हेच गणित, फक्त तिथे पिलू मरत नाही, त्रास भोगत जगतं. फ्रिझलची पिसं बाहेरच्या बाजूला वळलेली असतात. एक प्रत असली तर पिसं छान कुरळी. दोन प्रती असल्या तर पीस इतकं ठिसूळ होतं की तुटून गळतं, अंग उघडं पडतं, आणि थंडी-ऊन दोन्ही त्या कातडीवर बसतं. फ्रिझलला फ्रिझल जोडली की शंभरातली पंचवीस पिलं अशी निघणार. फ्रिझलला साध्या पिसांची जोडीदार दिली की पन्नास कुरळी, पन्नास साधी. पुन्हा पन्नासच. हे माहीत असूनही कुरळ्याला कुरळी जोडणाऱ्या माणसाबद्दल मला राग येतो, कारण त्यातून त्याला एक पिलूही जास्त मिळत नाही.

रंगात याच नियमाचं निरुपद्रवी रूप दिसतं. निळसर राखाडी रंग, ज्याला सगळे ब्लू म्हणतात, तो एका प्रतीचा. एकही प्रत नसेल तर काळा, दोन असतील तर पांढऱ्यावर निळसर शिंतोडे, म्हणजे स्प्लॅश. ब्लूला ब्लू जोडली तर निम्मीच ब्लू निघतात. पण काळ्या कोंबड्याला स्प्लॅश कोंबडी दिली तर सगळीच्या सगळी पिलं ब्लू. ब्लू हवी असतील तर घरात ब्लू आई-बाप नसले तरी चालतं.

सिल्कीच्या पिसाची तऱ्हा निराळी. ते जनुक झाकलं जाणारं, म्हणजे दोन्ही प्रती असल्याशिवाय दिसत नाही. सिल्की कोंबडा आणि गावरान कोंबडी यांची सगळी पिलं साध्या पिसांची निघतात. पण प्रत्येकात एक प्रत लपलेली असते. त्यांतली तलंग, म्हणजे तरुण मादी, मोठी करून पुन्हा सिल्की कोंबड्याला दिली तर निम्मी पिलं सिल्की पिसांची. मात्र सिल्कीची पाच बोटं आणि काळसर कातडी हे गुण मिश्र पिलांतही बऱ्याचदा उतरतात. म्हणून ‘पाच बोटं आहेत, कातडी काळी आहे, पिसं नंतर फुटतील’ असं म्हणून कुणी पिलू विकत असेल तर घेऊ नका. अंगावर खरी पिसं आली आणि ती बंद पाकळ्यांची निघाली, की ती नंतर सिल्की होत नाहीत. काळी कातडी ही तशी एकट्या सिल्कीची मिरासही नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथमध्येही तोच जनुकीय बदल आहे. आणि आपल्या गावरान कोंबडीच्या पिवळ्या पायांचा रंग तर राखी रानकोंबड्याकडून आलाय असं जनुकांच्या अभ्यासातून दिसलंय. दाजीपूरच्या जंगलात पहाटे ओरडतो तोच हा पक्षी. तो जंगलातच बघावा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणं किंवा घरात ठेवणं गुन्हा आहे.

जोडी लावताना आणखी एक शरीरशास्त्र लक्षात ठेवा. कोंबडी नराचं वीर्य शरीरात साठवून ठेवते आणि दोन-तीन आठवडे त्यावर फळलेली अंडी देऊ शकते. आज तिला नव्या कोंबड्याजवळ ठेवलं तरी उद्याच्या अंड्याचा बाप जुनाच असू शकतो. म्हणून कोंबडी आधी तीन आठवडे एकटी ठेवावी, मगच नवा कोंबडा. एका बँटम कोंबड्याला पाच-सहा कोंबड्या पुरतात. एक-दोनच दिल्या तर तो त्यांच्या पाठीवरची पिसं ओरबाडून काढतो. सिल्की आणि कोचीनमध्ये गुदद्वाराभोवतीची पिसं दाट असल्याने अंडी गार, म्हणजे न फळलेली, निघतात. तिथली पिसं दोघांचीही कापली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. सेब्राइटमध्ये कोंबड्यालाही कोंबडीसारखी गोल पिसं असतात, कारण त्याच्या कातडीत नर संप्रेरकाचं मादी संप्रेरक बनतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या सर जॉन सेब्राइट यांनी मुद्दाम घडवलेली ही जात. दिसते देखणी, पण अंडी कमी फळतात आणि पिलं नाजूक. पहिल्यांदाच पैदास करणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

शोभेच्या पक्ष्यांत नात्यातल्या जोड्या फार लागतात, कारण विकत घेतलेली ‘जोडी’ बहुतेक वेळा भावा-बहिणीचीच असते. दोन-तीन पिढ्यांत अंडी कमी फळायला लागतात, पिलं वाढत नाहीत. यावर जुना, सोपा उपाय आहे. तीन वेगवेगळ्या कुळांचे तीन गट ठेवायचे. कोंबड्या आणि त्यांच्या मुली आपापल्या गटात राहतात, मुलगे मात्र दर वर्षी पुढच्या गटात जातात: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. एका घरी तीन गट जमत नसतील तर कोल्हापूर, कागल, इचलकरंजी अशा तीन घरांनी एकेक गट वाटून घ्यावा. पायात रंगीत रिंग आणि वहीत नोंद, एवढ्यावर हे वर्षानुवर्षं चालतं.

अंडी बसवायला आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगले. हवा कोरडी असते, माशा-डास कमी, आणि पावसाळा येईपर्यंत पिलं तीन-सहा महिन्यांची होऊन लसी पूर्ण झालेल्या असतात. थंड देशांत हिवाळ्यात दिवस फार लहान होतो आणि कोंबड्या अंडी बंद करतात. आपल्याकडे डिसेंबरातही अकरा तासांचा दिवस असतो, त्यामुळे तेवढा खंड पडत नाही.

घरात खुडूक सिल्की असेल तर अंडी उबवायच्या मशीनच्या मागे लागू नका. सिल्कीइतकी चांगली आई क्वचितच मिळते. दुसऱ्या जातीची अंडीही ती तितक्याच मायेने उबवते. तिच्या अंगाखाली सहा-सात बँटम अंडी नीट झाकली जातात, गावरान कोंबडीखाली बारा-तेरा. बसवण्याआधी पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का बघा, कारण तीन आठवडे एका जागी बसलेल्या कोंबडीला त्या हैराण करतात आणि ती अंडी सोडून उठते. चुलीची राख आणि बारीक माती एका घमेल्यात ठेवली की ती स्वतःच लोळून अंग साफ करते. तिला अंड्यांवर हलवायचं असेल तर अंधार पडल्यावर हलवा.

मशीनमध्ये पंखा असेल तर तापमान 37.5 अंश सेल्सिअस. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची. विषम संख्या अशासाठी, की रात्रीची लांब वेळ रोज त्याच कुशीवर जाऊ नये. कोंबडीच्या पिलाला 21 दिवस लागतात, पण छोट्या बँटम 19-20 दिवसांतच फोडायला लागतात, म्हणून त्यांची अंडी सतराव्या दिवसापासून फिरवणं थांबवावं. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं गार. रक्ताचं नुसतं कडं दिसलं तर जीव धरून मेलाय. आखूड-आखूड जोडीची चाबोची अंडी असतील तर अशी कडी हमखास दिसणार, त्यात मशीनचा दोष नाही.

आर्द्रतेचं मात्र कोल्हापूरपुरतं वेगळं सांगावं लागेल. बहुतेक मार्गदर्शनात लिहिलेलं असतं की मशीनमध्ये पाणी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या हवेतच एवढी वाफ असते, की पाणी ठेवलं तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते, आणि पूर्ण वाढलेलं पिलू कवचाच्या आतच गुदमरतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 12-13 टक्के कमी व्हायला हवं. 35 ग्रॅमचं अंडं साडेतीस ग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे. गुजरीतल्या सोनारांकडे असतो तसला छोटा वजनकाटा असला की दर दोन-तीन दिवसांनी मोजून कळतं. वजन फार हळू उतरत असेल तर पाणी पूर्ण काढा. शेवटच्या तीन दिवसांत मात्र पाणी भरपूर ठेवा आणि झाकण उघडू नका, नाहीतर आतली पातळ कातडी वाळून पिलाला चिकटते. वीज गेली तर घाबरू नका. मशीनवर जाड गोधडी टाका. काही तासांची थंडी गर्भ सोसतो, जास्तीची उष्णता मात्र लगेच मारते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत मशीन ठेवणं म्हणूनच धोक्याचं.

निघालेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. पिलं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय. बँटमचं पिलू उथळ वाटीतही बुडतं, म्हणून पाण्याच्या भांड्यात गोट्या टाकून ठेवाव्यात.

शेवटचा प्रश्न अंडी बसवण्याआधीच सोडवायचा असतो. दहा पिलं निघाली तर त्यांत साधारण पाच कोंबडे असतील. पहाटे चारला आरवणारे पाच कोंबडे राजारामपुरीच्या गल्लीत शेजारी किती दिवस सहन करतील? सिल्कीत नर-मादी चार-पाच महिन्यांपर्यंत खात्रीने कळत नाही. म्हणून महिन्याच्या पिलांची ‘नर-मादी जोडी’ म्हणून जी विक्री होते तिच्यावर विश्वास ठेवू नये आणि आपणही तशी करू नये. जास्तीचे कोंबडे मोकळी जागा असलेल्या शेतकऱ्याला देता येतील का, घरी खायला वापरणार का, हे आधी ठरवा. दोन्हीही मला मान्य आहे. झुंजीसाठी मागायला येणाऱ्याला मात्र एकही कोंबडा देऊ नका. प्राण्यांची झुंज लावणं 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि शोभेचा पक्षी तिथे काही मिनिटंही टिकत नाही.

पिलं देताना दोन महिन्यांच्या आत देऊ नयेत. सोबत एका कागदावर लस कोणती, कधी दिली, आई-बाप कोण, आणि फ्रिझल किंवा चाबो असेल तर पुढे कुठल्या जोडीदाराशी लावायचं, हे लिहून द्यावं.